उद्यापर्यंत सुधारू नका

नवऱ्याने कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. त्यावर एकच जपानी अक्षर होतं, काड्यापेटी सांडल्यासारखं.

"कान. उच्चार मिमी," ती म्हणाली.

"वा! आणि हे?"

"पोट. हारा."

परीक्षा उद्या सकाळी होती. पास झाली तर जपानच्या इस्पितळात नर्सची नोकरी. नापास झाली तर पुढच्या खेपेला वयाची अट आडवी येणार, म्हणजे विषयच संपला. ती अक्षरं काही केल्या डोक्यात टिकत नव्हती, म्हणून तिने एकेका अक्षराला नवऱ्याची एकेक खोड बांधून टाकली होती. कान मिमी, कारण त्याच्या कानाला 'मी, मी' सोडून काही ऐकूच येत नाही. पोट हारा, कारण पोटापुढे तो कायमचा हरलेला. नाक हाना, कारण तो घोरायला लागला की तिथेच हाणावंसं वाटतं. औषध कुसुरी, कारण बीपीच्या गोळीत त्याची रोज कसूर. पाठ्यपुस्तक आयतंच घरभर फिरत होतं. पुस्तकाला अर्थातच याची कल्पना नव्हती.

"हे सांग." त्याने औषधाचं कार्ड उचललं, आणि दुसऱ्या हाताने गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायला. "बघ, न सांगता घेतली! जेवणही आजपासून निम्मं. तिकडे गेल्यावर तुझ्या जिवाला माझा घोर नको."

तिने कार्डाकडे पाहिलं. औषध हे कळत होतं. उच्चार मात्र बिऱ्हाड उचलून निघून गेला होता.

"अगं, सकाळी तर घडाघडा म्हणालीस! बरं, मघाचं कानाचं सांग. सावकाश बोल, मी ऐकतोय."

आणि तो खरोखरच ऐकत बसला. तेही गेलं.

"अहो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "उद्यापर्यंत तरी आहात तसेच राहा ना. मला असेच हवे आहात तुम्ही."

लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला त्याने घाईघाईने पुढचं कार्ड वर धरलं.

त्यावरचं अक्षर होतं अश्रू. या एका अक्षरासाठी तिला घरात कधी काही सापडलं नव्हतं.

त्याने बाही डोळ्यांकडे नेली.

"थांबा!" तिने त्याचा हात धरला. "पुसू नका. नीट बघू द्या."