मनगटावरची नाडी

शर्वरीच्या मनगटावर गोंदलेला निळा ठिपका मिनिटाला बावन्न वेळा उजळत होता. म्हणजे निनाद जिथे कुठे होता, तिथे आत्ता रात्र असावी आणि तो झोपला असावा. लग्नात दोघांनी एकमेकांची नाडी गोंदवून घेतली होती. तो घर सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली होती. फोन नाही, पत्र नाही. ठिपका मात्र चालू होता.

"लेझर रबर ताणून सोडल्यासारखा लागेल," गोंदण काढणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या सिटिंगलाच उजळणं थांबेल. डाग जायला वर्ष लागेल, फुटलेली शाई शरीर हळूहळू वाहून नेतं. पण नाडी परत जोडता येणार नाही."

हे ऐकून शर्वरी तीनदा घरी परतली होती, कारण सासूबाई रोज चहाआधी तिचं मनगट हातात घेऊन बसत. मुलगा जिवंत आहे, एवढं त्यांना तिथेच कळे.

आज त्या सोबत आल्या होत्या. "मंद झालाय गं," त्या म्हणाल्या. "स्वेटर घातला नसेल. पहिल्यापासून हट्टी."

पूर्वी अशा बोलण्यावर शर्वरी गोंदण काढायचा विचार सोडून देई. आज तिने फक्त मनगट त्यांच्यापुढे धरलं.

"आई, नीट बघून घ्या," ती म्हणाली. "मी आज हे काढतेय."