काचेवरचा पत्ता

एक्कावन्न टाकून ती मोकळी झाली असती, तर कुणी तिला एका शब्दानं विचारलं नसतं. हॉस्पिटलच्या तळघरात बसून डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला क्रमांक द्यायचा, एवढंच तिचं कोडरचं काम. या मलेरियाच्या फाईलवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात 'व्हायव्हॅक्स' लिहिलं होतं, आणि व्हायव्हॅक्सचा क्रमांक एक्कावन्न. पण मागे टाचलेल्या लॅबच्या कागदावर व्हायव्हॅक्सच्या जोडीला फाल्सिपेरमही होता, म्हणजे जिवावर उठणारा प्रकार. दोन्ही असले तर क्रमांक पन्नास. आता लॅबच्या कागदावरून कोडरनं परस्पर क्रमांक द्यायचा नसतो. दोन कागदांचं आपसात जुळत नसेल तर फाईल थांबवायची आणि डॉक्टरांना विचारायचं, तेही आपल्याकडून उत्तर न सुचवता.

लॅबच्या कागदाखाली सही तिच्या सासऱ्यांची होती.

पस्तीस वर्षं काचपट्ट्यांवरचं रक्त तपासणाऱ्या या माणसाला सगळं हॉस्पिटल भिंगवाले काका म्हणायचं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. गेल्याच महिन्यात त्यांनी काचेवरच्या रंगाच्या डागाला परजीवी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून काकांचे डोळे गेले अशी कुजबुज होती. घरी त्यांना सुईत दोरा तीच ओवून द्यायची, त्यामुळे ती कुजबुज अगदीच खोटी आहे असं तिलाही म्हणवत नव्हतं. विचारलं आणि काका पुन्हा चुकलेले निघाले, तर निरोपाच्या हाराबरोबर तीही चूक त्यांच्या गळ्यात पडणार. आणि न विचारावं, तर ज्याची ही फाईल तो वॉर्डातला ट्रक ड्रायव्हर चार वाजता अर्धंच औषध घेऊन घरी जाणार. तिनं प्रश्न पाठवला.

डॉक्टर वीस मिनिटांत स्वतःच खाली आले. तरुण, हुशार, सकाळपासून बूड न टेकलेले. किटच्या तपासणीत एकटा व्हायव्हॅक्स आला आहे, ते म्हणाले, आणि किटला काही वय होत नाही. पुढचं बोलावं की नाही असं त्यांना क्षणभर वाटलं असावं, पण बोलले.

"मॅडम, काकांबद्दल आदर आहे. पण त्यांना आता दिसत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

"मला दोन कागद दिसतात, डॉक्टर. दोन्हीवर वेगळं लिहिलंय."

डॉक्टरांनी लॅबचा कागद उलटसुलट केला. सहीखाली पेन्सिलीनं बारीक दोन आकडे होते. हे काय, तुमचाच काही क्रमांक का, त्यांनी विचारलं. तिला सांगता येईना. आठ वर्षं ती काकांच्या प्रत्येक कागदावर असे आकडे बघत होती आणि लॅबच्या वहीचा काही हिशेब असेल म्हणून सोडून देत होती. शेवटी दोघं लॅबमध्ये गेले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत, सुनेकडे पाहिलंही नाही. खोक्यातून ती काचपट्टी काढली, मायक्रोस्कोपखाली लावली, वर तेलाचा थेंब सोडला आणि स्वतः स्टुलावरून उठले.

"तुम्हीच बसा. खाली दोन मोजपट्ट्या आहेत, एक आडवी, एक उभी. कागदावरच्या आकड्यांवर आणून ठेवा. तो त्याचा पत्ता आहे."

डॉक्टर बसले. एक चाक फिरवलं, दुसरं फिरवलं. ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. पन्नास यावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पन्नास म्हणजे त्या ड्रायव्हरचं दुखणं मोठं, हे जाणवून स्वतःची लाजही वाटत होती. डॉक्टरांनी डोळा बाजूला घेतला, चोळला, पुन्हा लावला.

"आहे," ते म्हणाले. "कापलेल्या नखासारखा बाकदार. फाल्सिपेरमच."

सबंध काचेवर तो एकच सापडला, काकांनी सांगितलं. एवढ्याशासाठी एक तास गेला. डॉक्टरांनी विचारलं, हे आकडे तुम्ही प्रत्येक वेळी लिहिता?

"प्रत्येक वेळी. कुणाला नुसत्या माझ्या शब्दावर विसंबायची पाळी येऊ नये म्हणून. मागच्या महिन्यातला तो डागसुद्धा मीच परत त्याच्या पत्त्यावर जाऊन पाहिला, आणि चुकलो म्हणून मीच कळवलं. ते कुणी तुम्हाला सांगितलं नसेल."

ते कुणी तिलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिथूनच वॉर्डात फोन लावला, ड्रायव्हरला सोडू नका म्हणून बजावलं, बदललेलं औषध सांगितलं. मग उभ्या उभ्याच फाईल उघडून जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, तारीख घातली, वेळ घातली, सही केली आणि फाईल दोन्ही हातांनी तिच्याकडे दिली. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "काका, आज तुमच्या सुनेनं नाव राखलं सगळ्यांचं."

"सून घरी," काका म्हणाले. "इथे ती कोडर आहे. माझं चुकलं असतं तर जाता जाता माझी चांगली शोभा झाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं फाईल थांबवली."

मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, सून कॉम्प्युटरवर काहीतरी करते."