चेहरा दिसला पाहिजे

गल्लीच्या दादानं स्टुडिओचं शटर आतून ओढलं आणि लोखंडी गज फोटोग्राफरच्या नाकावर हाणला.

‘पेपरातला मारामारीचा फोटो तूच काढलास ना रे?’

‘हो, पण घाबरू नका, दादा!’ फोटोग्राफर रक्त गिळत म्हणाला. ‘अंधार होता, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, पार वर चढवला, म्हणून फोटोभर नुसते दाणेच दाणे आलेत. मारणारा कोण, ते त्याच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही.’

दुसरा गज बरगडीत बसला.

‘अरे गाढवा, तेच तर दुखणं आहे! एकट्यानं तिघांना लोळवलं मी, आणि पलीकडच्या गल्लीतला टिल्लू सांगत फिरतोय, फोटोतला तो मीच म्हणून!’

फोटोग्राफर भिंत धरून उठला. त्यानं होते नव्हते तेवढे दिवे लावले, दादाला स्टुलावर बसवलं आणि आयएसओ तळाला आणला.

‘आता मिशीचा केस न् केस मोजून घ्या. गज जरा वर धरा... अहो, पुसताय काय? रक्तानंच तर रुबाब येतो!’

दादानं छाती फुगवली.

‘हं, आता मोठ्यानं सांगा, त्या तिघांना कसं लोळवलंत?’ असं म्हणत फोटोग्राफरनं हळूच व्हिडिओचं बटण दाबलं.