डावी धार

पितळी कडं बसवलेला चाकू तिने तिसऱ्यांदा उचलला आणि तिसऱ्यांदा खाली ठेवला.

"वहिनी, चाकू घ्यायचाय. सोयरीक नाही जुळवायची," नणंद म्हणाली.

दुकान धारवाल्याचं होतं. पुढे काचेचं कपाट, मागे धार लावायचं चाक. उतारवयाच्या धारवाल्याने फडक्यावर घडीचे चार चाकू मांडले होते, खिशात मावतील एवढे. घरातल्या सुऱ्या तिने जन्मभर वापरल्या होत्या, पण त्या घराच्या. स्वतःचा म्हणावा असा चाकू ती आज पहिल्यांदा घेत होती.

"काम कसलं आहे, ताई?"

"कलमं बांधायची आहेत," ती म्हणाली आणि आपण जरा जास्तच बोललो असं तिला वाटलं.

सहा महिने ती रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरत होती. मधूनमधून माळीकाका स्वतःचा चाकू देऊन तिला एखादी काडी छाटायला लावायचे आणि काप बघून मान हलवायचे. कलमाचा तिरका काप सपाट हवा. मध्ये जरा पोकळ राहिला की जोड धरत नाही. तिचा दर वेळी पोकळच यायचा. "तुझा हातच वाकडा गं," ते म्हणायचे. काल म्हणाले, "सोमवारी स्वतःचा चाकू घेऊन ये. दहा कलमं करून दाखव. जमली तर बस आमच्या कलमांच्या बाकावर. नाही जमली तर पुन्हा विचारू नकोस."

"मग हाच घ्या," धारवाल्याने पितळी कड्याचा चाकू पुढे सरकवला. "खास कलमाचा. पातं एका बाजूने सपाट, धार एकाच बाजूला."

त्याने किंमत सांगितली. नणंदेने चाकूकडे नव्याने पाहिलं. "चाकू आहे की दागिना?"

"करून तर बघा." त्याने एक हिरवी काडी दिली.

तिने चाकू उजव्या हातात धरला. काडी हातातून निसटली आणि टकन कपाटावर आपटून खाली गेली.

"अगं, तुझ्या हाताने कर की," नणंद म्हणाली. "इथे कोण ओरडतंय तुला?"

तिचे कान तापले. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी बसायची. अजूनही परक्या माणसासमोर तो हात आपोआप मागे जायचा. तिने काडी उचलली, चाकू डाव्या हातात घेतला आणि छाटली. काप चमच्यासारखा खोलगट आला.

"बघा," ती म्हणाली. "हातच वाकडा आहे."

धारवाला मात्र कापाकडे बघत नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"तिकडे कोणाचा चाकू वापरता?"

"माळीकाकांचा."

"असाच?"

"असाच."

"आणि ते उजव्या हाताने छाटतात."

"सगळेच. मी एकटीच..."

"अहो ताई! म्हणजे उजव्या चपलेत डावा पाय घालून सहा महिने चालताय तुम्ही!" त्याने पातं काडीला लावून दाखवलं. उजव्या हातात सपाट बाजू लाकडाला टेकत होती. डाव्या हातात धरलं की धारेची उतरती बाजू खाली यायची आणि पातं भरकटायचं.

तिने चाकू दोनदा या हातातून त्या हातात घेऊन पाहिलं.

"डाव्या हाताचा द्या मग," नणंद म्हणाली.

"मागवावा लागेल. महिना जाईल. आणि किंमत याच्याही दुप्पट."

"मला सोमवारी हवाय," ती म्हणाली.

त्याने पितळी कड्याचा चाकू कपाटात परत ठेवला आणि रांगेतला शेवटचा, प्लास्टिकच्या मुठीचा, उचलला. "हा सगळ्यात स्वस्त. दोन्हीकडून धार आहे म्हणून कलमाला कोणी घेत नाही. पण पोलाद चांगलं आहे. एक बाजू घासून सपाट करतो, धार तुमच्या बाजूला ठेवतो."

"घासायचे किती घेणार?" नणंदेने विचारलं.

"पहिली धार चाकूबरोबरच येते, बाई."

चाक फिरू लागलं. तो पातं पाण्यात बुडवायचा, पुसायचा, एक डोळा मिटून बघायचा, पुन्हा चाकाला लावायचा. तोवर ती काउंटरला धरून उभी होती.

शेवटी त्याने स्वतः एक काडी छाटली. पातं सरकलं, काप वेडावाकडा आला. तिचा चेहरा उतरला.

तो मात्र हसला. "मला नाही चालत. म्हणजे बरोबर झालाय."

तिने डावा हात पुढे केला. चाकू घेतला. एकाच ओढीत काडीची ढलपी अखंड खाली पडली. कापावरून तिने अंगठा फिरवला, मग काडी काचेवर टेकवली. काप काचेला चिकटून बसला. तिने दुसरी छाटली. तिसरी. चौथी नीट आली नाही, तर तीच पुन्हा वरून छाटली. पायाशी ढलप्या साचू लागल्या.

"वहिनी, चल आता. दुकान सोलून काढशील."

तिला ऐकू आलं नाही. "भाऊ, अजून एखादी काडी आहे का?"

धारवाल्याने काउंटरखाली पाहिलं, चाकामागे पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली.