डॉक्टरांचा अंगठा

डॉक्टरांनी खोतांच्या विसूची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. डोळा लालभडक होता, कडेला पिवळा चिकटा धरलेला. "उन्हात हुंदडतोस ना रे?" असं म्हणून डॉक्टर हसले आणि त्यांनी त्याला पास करून टाकलं. खोताच्या पोराला नापास करायची छाती बोर्ली पंचतनात होती कुणाला? मग तोच अंगठा, न पुसता, पुढच्या पोराच्या डोळ्याकडे गेला.

शाळेतल्या बालवीरांची तपासणी चालली होती. पास होईल तो दिवेआगरच्या पुळणीवर तंबूत राहायला जाणार. अंबाजी मास्तरांनी रांग लावली होती ती उंचीनं नव्हे, जातीनं. वरची पोरं आधी, खालची मागून, म्हणजे विटाळ घालवायला डॉक्टरांना शेवटी एकच आंघोळ पुरते. रीतच होती तशी, आणि मास्तरांना तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं. एकेक डोळा उघडत अंगठा रांगेतून सरकत होता. मधेच घाम आला म्हणून डॉक्टरांनी त्याच अंगठ्यानं स्वतःचे डोळेही चोळून घेतले. बघणाऱ्याला ओकारी यावी.

रांगेच्या टोकाला, चार हात सोडून, महारवाड्यातला नामा उभा होता. आई सखुबाईनं मांजरपाटाची नवी चड्डी शिवून दिली होती. तंबूत झोपल्यावर रात्रभर लाटा ऐकू येतात का, हे त्यानं मास्तरांना कितीदा तरी विचारलं होतं.

डॉक्टर त्याच्यासमोर आले आणि थांबले. अंगठा खिशात गेला. वेताच्या काठीच्या टोकानं त्यांनी नामाची हनुवटी वर केली, बाजारात गुराचं तोंड बघतात तशी इकडून तिकडे वळवली.

"ह्याची तपासणी होणार नाही," ते मास्तरांना म्हणाले. "आणि तपासणी नाही तर तंबू नाही. कुणास ठाऊक, काय रोग असेल अंगात."

"मग तपासा ना," मास्तर हळूच म्हणाले.

"शिवू म्हणता? तुम्ही शिवाल?"

मास्तर दोन पावलं मागे सरकले. मग डॉक्टरांनीच तोड काढली. सामान वाहायला पोरगं आलं तर हरकत नाही, झोपावं मात्र लांब, केवड्याच्या बनाकडे. नामा गेला. अख्खा तंबू डोक्यावर घेऊन गेला, आणि त्याच तंबूत पाऊल टाकायची त्याला बंदी.

डॉक्टरही गेले, समुद्राची हवा आणि खोतांची शहाळी खायला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूतून रडारड ऐकू आली. पोरांचे डोळे आले होते. पापण्या पिवळ्या घाणीनं गच्च चिकटलेल्या, गालांवर ओघळ वाळलेले, वर माश्या बसत होत्या. पोरं एकमेकांवर आपटत होती. पोरांचे डोळे पुसता पुसता मास्तरांचेही आले होते; त्यांना एका डोळ्याच्या फटीतून धूसर दिसत होतं, तेवढंच. डॉक्टर खाटेवर उताणे पडून विव्हळत होते, त्यांचे तर दोन्ही डोळे सुजून मिटून गेले होते.

औषध होतं ते बोर्लीला. मधे खाडी, आणि भरती चढायच्या आत ती उतरायला हवी. धड डोळ्यांचा एकच जण होता, ज्याच्या पापणीपर्यंत तो अंगठा पोचला नव्हता.

"नामा, बाळा," मास्तर म्हणाले. बाळा म्हणायला आज सुचलं त्यांना. "तूच ने रे आम्हाला."

नामा पुढं झाला. खोतांच्या विसूनं चाचपडत त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. विसूला दुसऱ्यानं धरलं, दुसऱ्याला तिसऱ्यानं. चिखल तुडवत सगळी रांग पलीकडे लागली. डॉक्टर तेवढे मागे राहिले. खाटेवरून उठायलाच त्यांनी उशीर लावला होता.

नामा त्यांच्यासाठी परत आला. डॉक्टर काठी टेकत खाडीच्या कडेला उभे होते. चढतं पाणी घोट्याला लागलं तशी त्यांची बोबडी वळली.

"हात दे रे पोरा," हात पुढं पसरून ते म्हणाले. "विटाळबिटाळ राहू दे आता."

तोच हात. तोच अंगठा, अजून चिकट. नामानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग डॉक्टरांच्या दुसऱ्या हातातली काठी काढून घेतली, मूठ आपल्याकडे ठेवली आणि टोक त्यांच्या तळहातावर टेकवलं.

"हे धरा," तो म्हणाला. "मला शिवू नका, डॉक्टरसाहेब. माजी तपासणी झालेली न्हाय."