नडगीवरचा अंगठा

सोमीने बांबूच्या कामट्या खाटेजवळ मांडल्या. तिचा बाप मंगळू उताणा पडला होता. त्याचा उजवा पाय बाहेर कलंडला होता आणि डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड दिसत होता.

सकाळीच तिने बापाला जव्हारच्या दवाखान्यातून पोशेऱ्याला परत आणलं होतं. खुब्याचं हाड जोडता येईल, पण रक्तातली साखर उतरत नाही आणि हृदय थकलंय, भूल सोसणार नाही, असं डॉक्टरांनी तिला तीनदा समजावलं होतं.

"मोडलं खुब्यात न् तो बघतो छातीत," मंगळू म्हणाला. "चार दिवस नुसतं रक्त काढलं. म्हणं डॉक्टर."

खोडाळ्यापर्यंतच्या गावांतली माणसं मोडलेले हातपाय घेऊन मंगळूकडेच यायची. दोन वर्षांपूर्वी त्याची नजर अधू झाली, तेव्हापासून तो सांगायचा आणि ती बांधायची.

"आधी चांगल्या पायाची नडगी दाब," तो म्हणाला.

हा त्याचाच नेम. अंगठा रोवायचा, दहा मोजायचे. उचलल्यावर खड्डा भरला तरच मोडक्या पायाला हात लावायचा. नाही भरला तर अंगात पाणी साचलंय, काळीज थकलंय. असा माणूस हाड ओढून बसवतानाच दगावतो. असल्यांना मंगळू दारातूनच परत पाठवायचा, घरचे पाया पडले तरी.

सोमीने डाव्या नडगीवर अंगठा रोवला.

"दाबलीस?"

"दाबलीय."

"मला काय कळत नाय. पायाचं लाकूड झालंय. जोरात दाब."

तिचं नख पांढरं पडलं होतं.

दहा झाले. तिने अंगठा उचलला. सुपारी मावेल एवढा खड्डा राहिला. ती बघत राहिली. तो भरेना.

"भरला?"

सोमीने तळव्याने तिथली कातडी चोळली. खड्डा होता तिथेच होता.

"बोल ना. त्यांनी पाठवला परत. आता तू पण पाठवतेस?"

"भरला, बा."

मंगळूचा चेहरा सैल झाला. त्याने दोन्ही हातांनी खाटेचा डोक्याकडचा दांडा धरला. "मग घोटा धर न् ओढ. ओरडलो तरी सोडू नको."

तिने दोन्ही हातांत उजवा घोटा घेतला. शेजारच्या पायावरून तिची नजर हटत नव्हती.

"ओढ ना," मंगळू म्हणाला. "आता कशाची वाट बघतेस?"