समाधी

"डोळे मिटा. मनात काय येतंय ते नुसतं बघा," वझे सर म्हणाले. टाळेबंदीत मुलं घुमी होत चालली, म्हणून कॉलेजने ऑनलाइन ध्यानवर्ग काढला होता. उत्कर्षा कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच हजेरी लावायची. मैत्रिणींचे फोनही ती हल्ली उचलत नसे.

आज शांततेत घोरणं ऐकू आलं. तिने डोळे उघडले, तर सरांचीच मान छातीवर कलंडलेली! पत्नीने त्यांना हलवलं. "अहो, उठा! पोरं बघतायत!"

सर दचकले, मग गंभीरपणे म्हणाले, "समाधी लागली होती."

उत्कर्षा खो खो हसत सुटली. एकेक कॅमेरा सुरू झाला, तिचाही. वाढलेल्या केसांवरून एकमेकांची थट्टा रंगली.

"जेवायला चल," आईने हाक मारली.

"थांब गं, आम्ही बोलतोय."

आईने आनंदाने पोळ्या झाकून ठेवल्या.